कडब्याच्या पेंढीत काय निघालं: घोडेवाल्यांनी वैरण भरण्याआधी वाचावं

पाचगणीच्या टेबल लँडवर आमची तीन घोडी फिरतात. फिरवायचं काम आमच्या ह्यांचं आणि दिरांचं, वैरणीचा व्यवहार माझ्याकडं. त्यामुळं मे २०२४ मध्ये जी फसले ती मीच. तेव्हा लाजेनं कुणाला बोलले नाही. पण परवा आमच्यातल्याच एकाला त्याच पद्धतीनं गंडवलं, म्हणून सगळं लिहून काढतेय.

आमच्या धंद्याची मुळातली अडचण अशी की कडबा, म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं, स्वस्त असतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, रब्बीची ज्वारी काढली की. आमच्या हातात पैसा येतो एप्रिल-मेच्या सीझनला. जूनला पाऊस लागला की वर घाटात वाळली वैरण आणायची सोय राहत नाही, म्हणून मेअखेर सगळे एकदमच भरायला धावतात. तोवर साखर कारखाने बंद झालेले असतात, उसाचं वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, संपलेलं असतं आणि गाई-म्हशीवालेही कडब्यावरच येतात. आमचा कडबा येतो त्या माण-खटाव तालुक्यांत जिथं पाणी आलं तिथं ऊस आला, ज्वारी मागं पडली. त्यात २०२३ चा पाऊस ओढलेला. सरकारनं राज्यात ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आमच्या खालचा वाई तालुकाही होता. आदल्या वर्षी शेकडा, म्हणजे शंभर पेंढ्यांना, दीड हजारानं घेतलेला कडबा आम्हाला पावणेतीन हजार सांगत होते.

अशात मोबाईलवर एका ग्रुपमध्ये फोटो आला. उंच गंजी, पिवळाधमक कडबा, पाला शाबूत. भाव शेकडा २,१००, घरपोच. फोन केला तर माणूस अगदी गोड बोलला. "ताई, माल माणमधल्या दहिवडीकडचा आहे, मालदांडी ज्वारीचा कडबा आहे, घोडी नुसती तुटून पडतील." मी हजार पेंढ्या सांगितल्या. एका घोड्याला दिवसाला पाच-सहा किलो वाळली वैरण धरली, पेंढी दोन किलोची धरली, म्हणजे तिघांचे साडेतीन-चार महिने निघतील असा हिशोब. ८,००० रुपये फोनवरून लगेच पाठवले.

टेंपो आला रात्री साडेनऊला. वळवाचे ढग भरून आलेले, वीज गेलेली. ड्रायव्हरची एकच घाई, "पाऊस आला तर तुमचाच माल भिजेल." पाच-पाच मोजून हजार पेंढ्या छपरात टाकल्या. मोजदाद बरोबर होती, एकही कमी नाही. उरलेले १३,००० रोख दिले. पावती मागितली तर म्हणाला, शेठ उद्या फोनवर पाठवतील.

सकाळी वरच्या थराखालची पेंढी ओढली तेव्हा हाताला हलकी लागली. नीट बघितलं तर बंध नायलॉनच्या दोरीचा. शेतात बांधलेल्या पेंढीला ज्वारीच्याच ताटाचा पीळ असतो किंवा वाखाचा बंध असतो. ही सोडून पुन्हा बांधलेली होती, दोनाच्या तीन केलेल्या. दहा पेंढ्या वाण्याकडच्या काट्यावर नेल्या, भरल्या ११ किलो. म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेला कडबा किलोमागं बाजारापेक्षाही महाग पडला. वरून चार पिवळी ताटं, आत पाला झडलेले काळपट बुडखे. थरांच्या मध्ये हात घातला तर गरम वाफ आणि कुबट वास. भिजलेला माल तसाच दाबून भरलेला होता.

आणि इथं माझी दुसरी चूक झाली. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून काळं काळं निवडून बाकीचं तोडून घोड्यांना घातलं. चौथ्या दिवशी दुपारी आमची शेवंता पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली. सारखी मान वळवून पोटाकडं बघायची. मग खाली बसून लोळायला लागली, अंगाला घाम, लीद बंद. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलं ते पुढंच सरकावं लागतं, नाहीतर जिवावर बेततं. वाईहून डॉक्टर आले, त्यांनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घातली. रात्री दीड वाजता तिनं लीद टाकली तेव्हा ह्यांनी तिथंच गोठ्यात तिच्या गळ्याला मिठी मारली. वाचली. पण पुढचे पंधरा दिवस ती पाठीवर खोगीर घेऊ शकली नाही, आणि तेच सीझनचे शेवटचे दिवस होते.

त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "हजार सांगितल्या, हजार दिल्या." मग नंबर ब्लॉक. तक्रार अर्ज दिला, पण रोख रकमेची पावती नाही आणि सौदा शेकड्याचा. पेंढी किती किलोची हे कुठं ठरलंच नव्हतं, मग वजनाचं भांडण कशावर करणार?

म्हणून सांगते, वैरण किलोवर घ्या. टेंपो भरलेला आणि रिकामा असा दोन्ही वेळा वजनकाट्यावर न्या, पावती स्वतःच्या हातात ठेवा. शेकड्यानंच घ्यायची वेळ आली तर उतरवण्याआधी मधल्या थरातल्या दहा पेंढ्या तुम्ही स्वतः ओढून वजन करा, दोन सोडून वास घ्या. ताट मोडल्यावर कट्कन मोडलं पाहिजे, नुसतं वाकलं तर ओल आहे. रात्री माल उतरवून घेऊ नका, मग ढग असोत नाहीतर काही असो. परवा ज्याला गंडवलं त्याचा तर टेंपोच आला नाही, सगळे पैसे आधीच गेले होते. असं झालं तर वाट बघत बसू नका, त्याच तासाला १९३० या ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. बुरशीची वैरण घोड्याला निवडूनसुद्धा घालू नका.

यंदा आम्ही सहा घरांनी मिळून बचत गटातून थोडी उचल घेतली आणि मार्चमध्येच माणमध्ये शेतावर जाऊन कडबा आणला. पेंढी पूर्वीसारखीच दोन किलोची, ताटाच्या पिळाची.

मला आलेल्या फोटोत गंजीच्या मागं एक बाभूळ आणि निळी पाण्याची टाकी आहे. परवा फसलेल्याला आलेला फोटोही तोच आहे, नंबर मात्र वेगळा. तो फोटो तुमच्याकडं आला तर पैसे पाठवू नका.