बांद्याहून तुयेला काजूचा कारखाना हलवला: काही महिन्यांनंतरचा अनुभव

अंतर फारसं नाही, पण मध्ये पत्रादेवीची हद्द लागली की महाराष्ट्र संपून गोवा सुरू होतं. यंत्रं पटकन गेली, कागदांना वेळ लागला.

आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे. गोव्यात नुसता धंदा करायचा असेल तर नोंदणीकृत कार्यालय हलवायची गरजच नसते, करासाठी तिथला जीएसटी नंबर काढला की पुरतं. बांद्याची जागा विकल्यावर नोटिसा घ्यायला तिथं कोणी उरणार नव्हतं, म्हणून आम्ही हलवलं.

कंपनी कायद्याच्या कलम १३ नुसार विशेष ठराव, मराठी आणि इंग्रजी पेपरात जाहिरात, केंद्राच्या कंपनी खात्याच्या प्रादेशिक संचालकांकडे अर्ज. जागा बदलल्यामुळे एकही कामगार कमी करणार नाही, असं प्रतिज्ञापत्रही लागतं. आमच्या कामगार बायका रोज बांद्याहून टेम्पोनं येतात, त्यामुळे ते जड गेलं नाही. ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांना रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस जाते. ती मिळताच पाऊचवाल्याचा फोन: "काय हो, गाशा गुंडाळताय की काय?" नोटिशीआधी एक फोन करून ठेवावा. आदेश आल्यावर सीआयएनमधलं, म्हणजे कंपनीच्या ओळख क्रमांकातलं, 'एमएच' जाऊन 'जीए' आलं. पॅन तोच राहिला.

खरी मेख जीएसटीत. नंबर राज्यागणिक वेगळा; महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने. जुन्या नंबरावर साठलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट, उचलून नव्यात टाकता येत नाही. आमच्या सीएनं मार्ग काढला: माल आणि यंत्रं जुन्या नंबरावरून नव्या नंबराला रीतसर बिलानं पाठवायची, त्यावरचा आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी, जुन्या क्रेडिटमधून भरायचा. तेवढंच क्रेडिट गोव्यात मिळतं. म्हणून जुना नंबर रद्द करायची घाई नको. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हा शेवटचा रिटर्न भरावा लागतो, हेही बऱ्याच जणांच्या डोक्यातून निसटतं.

एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेचं) लायसन्स जागेला असतं, त्यामुळे तेही नवं. जुना पत्ता आणि नंबर छापलेले पाऊच पोत्यानं पडून आहेत. छपाईची ऑर्डर सहा महिने आधीच आखडती घ्या.

गोव्यात व्यवसाय कर नाही. त्यामुळे महाराष्ट्रात पुरुष कामगारांच्या पगारातून कापला जाणारा कर वाचला, यावर मात्र ते खूश आहेत; बायकांना तर तिथंही २५ हजारांपर्यंतच्या पगारावर तो नव्हता.