बाबांच्या जन्मसालाचा रेझर घ्यायला गेलो आणि फसलो

लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं, कारण फसलोय हे चारचौघात सांगायची लाजच वाटते, त्यात रक्कम 13,200 आणि ती गेली कशावर तर दाढीच्या जुन्या सामानावर. बायको एवढंच म्हणाली की एवढ्यात नवीन गिझर आला असता. पण परवा एका मित्राला मला फसवणाऱ्या त्याच माणसाचा मेसेज आला (ते शेवटी सांगतो), म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू.

मला हा नाद लागला लॉकडाऊनमध्ये. कार्ट्रिज संपली, दुकानं बंद, तेव्हा बाबांच्या कपाटातला जुना तीन तुकड्यांचा रेझर आणि टोपाझचं पातं घेऊन दाढी केली, दोन ठिकाणी कापलं पण मजा आली. मग ब्रश, वाटी, साबण, सगळंच आलं. पुण्यात जुन्या बाजारात रविवारी फिरताना नटबोल्टच्या ढिगात इंग्लंडमध्ये बनलेला जिलेटचा 'टेक' मॉडेलचा रेझर सापडला, तो माणूस पितळ म्हणून वजनावरच द्यायला निघाला होता, शेवटी 150 ला दिला. असं काही हाताला लागलं की माणूस कामातून जातो.

आता मुद्द्याचं. अमेरिकेत बनलेल्या जिलेटच्या जुन्या रेझरवर 1951 पासून डोक्याच्या खालच्या बाजूला बारीक अक्षर आणि आकडा ठोकलेला असतो. अक्षर म्हणजे साल, आकडा म्हणजे वर्षाची तिमाही. 1951 ला डब्ल्यू, मग एक्स, वाय, झेड आणि 1955 पासून परत ए, बी, सी, डी. म्हणजे 1959 चं अक्षर ई. यामुळे आमच्यासारख्या लोकांना एक वेगळंच खूळ असतं, आपल्या जन्माच्या सालाचा, जमलं तर त्याच तिमाहीचा रेझर शोधायचा. माझे बाबा जून 59 चे. म्हणजे ई-2. त्यांची एकसष्टी कोरोनात गेली, काहीच करता आलं नाही, म्हणून ठरवलं की पासष्टीला त्यांना ई-2 द्यायचा.

आणि इथेच मी गाढवपणा केला. जुन्या रेझरवाल्यांच्या दोनतीन ग्रुपवर टाकलं, "1959 चा, दुसऱ्या तिमाहीचा अमेरिकन जिलेट कुणाकडे आहे का, वडिलांच्या वाढदिवसाला द्यायचाय, जूनच्या आत पाहिजे, किंमतीचं बोलू". आता परत वाचलं की हसू येतं, साल सांगितलं, तिमाही सांगितली, तारीख सांगितली, भावना सांगितली, आणि वर किंमतीचं बोलू. चोराला घर दाखवून किल्ली पण कुठे ठेवतो ते सांगितल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी एकाचा मेसेज. मराठीच माणूस, बोलायला एकदम गोड, प्रत्येक वाक्याला दादा. म्हणाला माझ्याकडे जुनं बरंच पडलंय, बघून सांगतो. नऊ दिवसांनी फोटो आला. जिलेटचं 'स्लिम अॅडजस्टेबल' मॉडेल, म्हणजे दांड्याला 1 ते 9 आकड्यांची फिरणारी रिंग असते, 1 वर पातं अगदी सौम्य आणि 9 वर जपून, आणि खालची मूठ फिरवली की वरची दोन झाकणं दारासारखी उघडतात. निकेलची चकाकी मस्त होती. खालच्या बाजूचा पण जवळून फोटो, ई आणि 2 स्पष्ट दिसतायत. मी तर उडालोच. नऊ दिवस तो नेमकं काय "बघत" होता हा प्रश्न तेव्हा डोक्यात आलाच नाही.

गोष्ट पण तयार होती. मावशीचे मिस्टर बोटीवर होते, त्यांनी अमेरिकेतून आणलेला, तेव्हापासून पेटीत पडून होता, आता मावशी फ्लॅट विकतेय वगैरे. सोबत एक लाकडी वाटीतला "इंग्लिश" साबण आणि एक बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा ब्रश, तो म्हणे त्याच काकांच्या आजोबांचा, शंभर वर्षं जुना. एकटा रेझर 9,500, पण सेट तोडायचा नाही अशी मावशीची इच्छा. 15 हजारांवरून 13,200 वर आला तेव्हा मला वाटलं मीच जिंकलो. यूपीआयवर पूर्ण पैसे पाठवले, कुरिअर चौथ्या दिवशी आलं, पॅकिंग पण छान.

वाढदिवसाला सकाळी बाबांनी नेहमीसारखी खिडकीला आरसा टेकवला, स्टुलावर बसले आणि नव्या ब्रशने साबण घोळायला लागले. दोन मिनिटांनी म्हणतात, "अरे याचा फेस काळा का येतोय?" मी म्हटलं जुना आहे, धूळ असेल, धुवा एकदा. त्यांनी गरम पाण्यात धुतला, पाणी शाईसारखं झालं. मग वाटी नाकाशी नेली आणि म्हणाले, "हा तर गोदरेजचा गोळा आहे, मी नोकरीला लागल्यापासून हाच वापरायचो." खिसून वाटीत दाबून बसवलेला होता, कडेला बोटांचे ठसे पण दिसत होते नीट बघितलं तर.

ब्रशचं सांगतो, हे बऱ्याच जणांना उपयोगी पडेल. खऱ्या बॅजरच्या केसाला टोक पांढुरकं, मध्ये काळा पट्टा, मुळाशी परत फिकट, आणि केस एकसारखे नसल्यामुळे पट्ट्याची कड थोडी वरखाली असते. माझ्यावाल्यात पट्टा पट्टीने आखल्यासारखा, कारण तो रंगवलेला होता. आणि केसांची टोकं फाटून दोनतीन झालेली, ती खूण डुकराच्या केसाची. आता डुकराच्या केसाचा ब्रश वाईट नसतो, उलट वापरून मऊ झाला की छान चालतो, पण तो दोनतीनशेत मिळतो आणि तसंच सांगून विकायचा असतो. (बाबा माळकरी आहेत, आईला अजून सांगितलेलं नाही. बॅजर तरी काय तुळशीचा असतो म्हणा, पण तिला हे समजावायला कोण जाणार.)

आणि समजा तो ब्रश खरंच शंभर वर्षं जुना असता तर? हे मला नंतर वाचून कळलं आणि घामच फुटला. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरचे म्हणून घोड्याच्या केसांचे नकली ब्रश बाजारात आले होते, केस नीट निर्जंतुक न करता, आणि त्यातून अमेरिका आणि इंग्लंडमध्ये सैनिकांना आणि साध्या लोकांनाही अँथ्रॅक्स हा जनावरांकडून येणारा जीवघेणा आजार झाला, दोनशेच्या वर केसेस नोंदल्या आहेत. 1930 च्या आधीचा प्राण्याच्या केसांचा ब्रश वापरूच नका असं सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या लोकांनी 2017 मध्ये लिहिलंय. म्हणजे माझ्या बाबांच्या बाबतीत ब्रश खोटा निघाला हेच नशीब.

तरी मी रेझरवर शंका घेतली नव्हती बरं का. साबण गेला, ब्रश गेला, ठीक आहे, रेझर तर खरा आहे ना, आणि बाबांची दाढी 5 नंबरवर लोण्यासारखी होत होती. मी फुशारकीने फोटो टाकला, "1959 ची स्लिम". अर्ध्या तासात ठाण्याच्या एका काकांचा फोन, ते आमच्यात सगळ्यात जुने. म्हणाले, "अरे स्लिम निघालीच 61 ला. 59 ला जी अॅडजस्टेबल होती ती फॅटबॉय, जाड गळ्याची, 58 ते 61. स्लिमवर ई असूच शकत नाही. भिंगाखाली बघ आणि मला सांग."

रात्री बसलो. जुना टूथब्रश, भांड्याचा साबण, कोमट पाणी. खालची पट्टी हळूहळू घासली आणि त्या ई मधलं काळं निघायला लागलं, मार्करची शाई भरलेली होती. उभी दांडी आणि खालची आडवी रेघ तशीच चंदेरी राहिली, वरची आणि मधली रेघ मात्र पिवळी दिसायला लागली. पितळ. निकेलचा थर खरवडून खालचं पितळ उघडं पडलेलं. मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो, मग ट्यूब पेटली. वरची आणि मधली रेघ काढा, काय उरतं? एल. एल म्हणजे 1966. रेझर अस्सल, कंपनीचाच, 66 च्या दुसऱ्या तिमाहीचा, आणि कुणीतरी बसून एलला दोन काड्या जोडून ई केला होता. त्यातल्या त्यात 2 आधीच होता त्यामुळे त्याचं अर्धं काम वाचलं. त्या नऊ दिवसांत तो एल-2 शोधत असणार.

सकाळी चुलतभावाकडे नेला, तो सोनाराकडे कामाला आहे. त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि पाच सेकंदात म्हणाला, "ह्या दोन ठोकलेल्या नाहीत रे, कोरल्यात. ठशाची कड गोल बसते, ही बघ फाटलीय, सुई घसरलीय इथं." खरंच मधल्या रेघेच्या टोकाला केसाएवढा ओरखडा पुढे गेलेला. फोटोत तो दिसलाच नव्हता, कारण शाई.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. आधी "दादा मला पण असाच मिळाला", मग "मावशीला विचारतो", मग दोन दिवस गायब, आणि शेवटचा मेसेज, "रेझर चालतोय ना दादा, मग झालं की". त्यानंतर ब्लॉक. या वाक्याचा मला पैशापेक्षा जास्त राग आला कारण ते खरं होतं, चालतोच तो. 66 चीच म्हणून विकली असती तरी मी घेतली असती, फक्त एवढे दिले नसते. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइन नंबरवर तक्रार नोंदवली, पण तोपर्यंत मी "बघू, देईल परत" करत महिना घालवला होता, तुम्ही तसं करू नका, कळलं की त्याच दिवशी फोन लावा.

आणि कृपा करून साल आधी सांगू नका. "तुमच्याकडे काय काय आहे, खालचे फोटो पाठवा" एवढंच विचारा आणि आपलं साल मनात ठेवा. अक्षराचा तक्ता सगळ्यांना पाठ असतो, मला पण होता, पण कुठलं मॉडेल कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत निघालं ते आधी बघून घ्या, माझं सगळं तिथेच चुकलं. खालच्या पट्टीचा फोटो घासून धुतल्यावरचा मागा, उजेड एका बाजूने पडेल असा, म्हणजे कोरलेलं आणि ठोकलेलं लगेच वेगळं दिसतं. धुवायला कुरकुर केली की सोडून द्या.

बाबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले 66 ला मी पहिलीत होतो, चालेल की, आणि तोच वापरतायत. ब्रश मात्र परत त्यांचा जुनाच.

आता परवाचं. मित्राने मुद्दाम त्याच माणसाला विचारलं, 1955 ची अॅडजस्टेबल पाहिजे, सासऱ्यांचं जन्मसाल आहे. जिलेटची अॅडजस्टेबल 58 च्या आधी दुकानात आलीच नव्हती. पाच मिनिटांत उत्तर आलं, "आहे दादा, एकच पीस आहे, आठ-दहा दिवस द्या".