‘९५ टक्के तयार’ अक्रोडाचा स्टॉक : एक हिवाळा, एक उन्हाळा आणि एक तडा

रायफलसाठी घेतलेल्या नव्या स्टॉकला, म्हणजे लाकडी दस्त्याला, टँगच्या (रायफलच्या धातूच्या भागाला मागे असलेल्या शेपटीच्या) मागे तडा गेलाय. बारीक आहे, करंगळीच्या नखाएवढा लांब, पण तडा तो तडाच. तक्रार केली तर विक्रेत्याचं उत्तर आलं की ग्राहकाने स्टॉकवर फिनिश (तेलाचा थर) चढवल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. विकताना पानावर मोठ्या अक्षरांत ‘अनफिनिश्ड’ लिहिलं होतं. म्हणजे २३० डॉलर मोजून तो स्टॉक तसाच कोरा कपाटात उभा करून ठेवला असता तर वॉरंटी शाबूत राहिली असती! दुकानाचं नाव देत नाही. जे भांडायचं होतं ते त्यांच्याशी भांडून झालं आहे.

रायफल कुठली ते आधी सांगतो. जे. सी. हिगिन्स मॉडेल ५०, .३०-०६ काडतुसाची. १९५० च्या दशकात सिअर्स ही दुकानसाखळी विकायची ती. नावावरून कोणी ढुंकून बघत नाही, पण आत बेल्जियमच्या एफएन कंपनीची माउझर ९८ ॲक्शन (गोळी भरणारी आणि झाडणारी यंत्रणा) आहे आणि नळी हाय स्टँडर्ड कंपनीची, आतून क्रोम चढवलेली. त्या काळी लष्कराची सरप्लस काडतुसं स्वस्तात मिळायची आणि त्यांच्या प्रायमरमुळे (दारू पेटवणाऱ्या टोपीमुळे) नळ्या आतून गंजायच्या, त्यामुळे हा क्रोम दिखाव्याचा नव्हता. आज टॉर्च लावून नळीतून बघितलं तर खोबणी अजून चकचकीत दिसतात. हीच ॲक्शन एखाद्या नामांकित कारागिराच्या शिक्क्याखाली आली की किमतीपुढे आणखी एक शून्य लागतं. चंपावतची वाघीण मारल्यावर १९०७ साली जिम कॉर्बेटना जी .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली, तीही माउझरवरच बांधलेली. अमेरिकेत ग्रिफिन अँड हाऊ या बंदूककारांनी नाव कमावलं ते स्प्रिंगफील्ड १९०३ या लष्करी रायफलीवर, आणि ती स्प्रिंगफील्ड माउझरशी इतकी मिळतीजुळती होती की अमेरिकन सरकारला माउझरला रॉयल्टी मोजावी लागली. मी चारशे डॉलरमध्ये त्याच खानदानातली घेतली. स्वस्त मिळाली कारण आधीच्या मालकाने मूळ स्टॉक करवतीने आखूड केला होता, बहुधा घरातल्या पोरासाठी, आणि मागे रबराचा पॅड चक्क खिळ्यांनी ठोकला होता.

म्हणून नवा स्टॉक. भारतातून आलेल्यांना इथे एक गंमत वाटते. कायद्याच्या नजरेत रायफल म्हणजे फक्त रिसीव्हर (ॲक्शनचा मुख्य धातूचा सांगाडा). दुकानातून घ्यायचा तर तो परवानाधारक डीलरकडून घ्यावा लागतो, ४४७३ नंबरचा फॉर्म भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन. लाकूड मात्र कुरिअरवाला दारात टाकून जातो. १९६८ च्या कायद्याआधी तर अख्खी रायफल कॅटलॉगमधून टपालाने घरी यायची. आणि एच-१बी वाल्यांनो, डीलरकडे जायच्या आधी राज्याचं शिकारीचं लायसन्स काढा. त्याशिवाय नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, आणि हे दुकानात काम करणाऱ्या पोराला माहीत असेलच असं नाही.

आता स्टॉक. लाकडाला नावं ठेवणार नाही. अमेरिकन काळा अक्रोड, रेषा मनगटाच्या (मुठीत धरायच्या निमुळत्या) भागातून सरळ गेलेल्या (तिथे तिरक्या असल्या की स्टॉक तिथेच मोडतो), आणि बटाच्या (खांद्याला टेकणाऱ्या टोकाच्या) बाजूला तपकिरीवर काळसर लाटा. या पैशात इतकं लाकूड मिळेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात परीक्षण लिहिलं असतं तर पाच तारे देऊन मोकळा झालो असतो.

‘९५ टक्के तयार’ या शब्दांवर मात्र जाऊ नका. यंत्राने जे कोरलंय ते तेवढंच आहे, पण उरलेल्या पाच टक्क्यांतच सगळं काम आहे. ॲक्शनच्या खालच्या बाजूला काळं (ठसा उमटवणारा काळा रंग) लावायचं, ती लाकडात बसवायची, रबरी हातोडीने हलकेच ठोकायची, उचलायची. लाकडावर जिथे काळा ठिपका उमटला तेवढाच भाग पटाशीने किंवा खरवडणीने काढायचा. पुन्हा काळं, पुन्हा बसव, पुन्हा उचल. एका वेळी पॉलिश पेपरच्या भुकटीएवढं लाकूड निघतं. घाई केली तर फट पडते, आणि लाकूड परत चिकटवता येत नाही. बोटांच्या रेघांत बसलेलं ते काळं भांड्याच्या साबणाने जात नाही. आमच्याकडे दोन टॉवेल त्यात गेले आणि त्याचा उल्लेख अजून होतो.

फिनिशला जवसाचं तेल वापरलं. शाळेत असताना ज्यांनी इंग्लिश विलोच्या बॅटला लिनसीड ऑइल चोळलंय त्यांना हा वास ओळखीचा. फक्त इथे शिजवलेलं, म्हणजे ‘बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते घ्यायचं. बॅटचं कच्चं तेल सुकायला जन्म जातो. थेंबभर तेल, तळहाताने लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं, दुसऱ्या दिवशी बारीक स्टील वूल. तेलाच्या चिंध्या चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात, अतिशयोक्ती नाही. मी बाहेर कुंपणावर पसरून वाळवतो. चेकरिंग (पकडीसाठी कोरायची चौकटींची नक्षी) अजून केलेलं नाही. इंचाला वीस रेघांची हत्यारं आणून ठेवलीत, पण वाया गेलेल्या लाकडावर आधी हात बसू दे.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे स्क्रूची खाच.

स्टॉकबरोबर ‘मोफत’ म्हणून दोन नवे गार्ड स्क्रू (ॲक्शन आणि स्टॉक एकत्र आवळणारे) आले होते. नीट आवळले की पुढच्या स्क्रूची खाच नळीच्या रेषेत न राहता तिरकी, घड्याळात दोनवर काटा असावा तशी थांबायची. मागची जवळजवळ आडवी. चांगल्या कारागिराच्या रायफलीवर सगळ्या स्क्रूंच्या खाचा नळीला समांतर असतात, एका ओळीत. गोळी त्यामुळे सरळ जाते असं नाही. कोणाला सांगायला गेलो तर वेड्यात काढतात. पण रायफल मांडीवर उलटी ठेवली की मला दुसरं काही दिसतच नाही. विक्रेत्याला पहिलं पत्र मी याच खाचेबद्दल लिहिलं होतं. उत्तर आलं, ‘स्क्रू मोफत आहेत.’ त्यात एक चिडवणारी हसरी इमोजी. मी तेव्हाच समजायला हवं होतं की पुढे काय वाढून ठेवलंय.

(तेवढ्यात एक जोडसल्ला: हार्डवेअरच्या दुकानातला पाचरीसारखा निमुळता स्क्रूड्रायव्हर या स्क्रूंना लावू नका. तो खाचेतून वर उसळतो आणि कडा कुरतडतो. टोकाशी समांतर बाजू असलेले, ‘हॉलो ग्राउंड’ मिळतात. महाग आहेत, पण एकदाच घ्यायचे.)

खाचेच्या या वेडापायी मी एक गोष्ट केली. टॉर्क रेंच लावून ठरावीक जोराने आवळायचं आणि खाच कुठे थांबते ते गार्डवर चिकटपट्टीच्या तुकड्यावर खुणेने मांडून ठेवायचं. उगाचच, चीड आली म्हणून. ऑक्टोबरमध्ये केलेली खूण जानेवारीत बघितली. आमच्याकडे पेन्सिल्वेनियात हिवाळ्यात हीटर अखंड चालतो आणि घरातली हवा पापडासाठी उत्तम होते. त्याच टॉर्कला मागचा स्क्रू खुणेच्या बराच पुढे गेला होता. उन्हाळ्यात दमट हवा सुरू झाल्यावर पुन्हा वेगळं. म्हणजे लाकूड आकसतंय, फुगतंय आणि स्क्रूखाली दबतंय, आणि ते मला सांगत होती ती माझी नावडती तिरकी खाच. त्याच काळात कागदावर गोळ्यांचा गट कधी डावीकडे, कधी खाली सरकत होता. काडतुसांना, दुर्बिणीच्या माउंटला, स्वतःच्या खांद्याला, सगळ्यांना दोष देऊन झाला होता.

मग लक्षात आलं की लष्करी माउझरमध्ये मागच्या गार्ड स्क्रूभोवती लोखंडी नळकांडं असतं. स्क्रू कितीही आवळा, धातू धातूला टेकतो, मधलं लाकूड चेपत नाही. जर्मन लष्कराने ही रायफल स्वीकारली १८९८ मध्ये. माझ्या स्टॉकमध्ये त्या जागी नुसतं भोक होतं, तेही ढिलं. सव्वाशे वर्षं जुनी अक्कल वापरायची नाही आणि वर ‘प्रिसिजन सीएनसी’ (संगणकी यंत्राचं अचूक काम) म्हणून मिरवायचं.

तडा मात्र नळकांड्याच्या अभावाने नाही गेला, निदान एकट्या त्याने नाही. गोळी सुटली की रायफल मागे येते. ती मागे येताना रिसीव्हरच्या खालचा रिकॉइल लग (धातूचा उंचवटा) लाकडाच्या खांद्यावर आदळायला हवा. तो खांदा जाड आणि भक्कम असतो, ते काम त्याचंच. टँगच्या मागे उलट थोडीशी फट ठेवायची असते, म्हणजे टँग लाकडात पाचरीसारखा घुसत नाही. माझ्या स्टॉकमध्ये यंत्राने लगची खोबण मागच्या बाजूने जास्त कोरली होती. स्टॉक उतरवून लगला काळं लावलं, बसवलं, काढलं. खांदा कोराच. टँगच्या मागे मात्र काळं लख्ख उमटलं. लगमागे व्हिजिटिंग कार्ड सहज सरकत होतं. .३०-०६ चा सगळा धक्का टँगमागचं चिमूटभर लाकूड घेत होतं. ते फुटणारच होतं, प्रश्न फक्त कधी एवढाच.

फोटो काढले, कार्ड घातलेला आणि काळ्या ठशांचा, आणि पाठवले. मग नेहमीची साखळी. आधी ‘आमच्या टॉलरन्समध्ये (चालण्याजोग्या फरकात) आहे’. टॉलरन्स किती ते विचारलं तर ‘ती माहिती अंतर्गत आहे’. मग फिनिशचा मुद्दा. मग ‘हे मॉडेल माउझरचं नाही, सिअर्सचं आहे, त्यामुळे बसणं न बसणं आमची जबाबदारी नाही’. त्यांच्याच पानावर ‘एफएन माउझर’ असं लिहिलेलं होतं, त्याचा स्क्रीनशॉट जोडला. त्यानंतर दुसऱ्याच माणसाच्या नावाने उत्तर आलं आणि सगळी कथा पहिल्यापासून सांगायला लावली. पुण्यात गॅस एजन्सीच्या खिडकीशी उभा राहिलोय मी. मला दमवणं सोपं नाही. पण क्रेडिट कार्डावर वाद घालायची मुदत उलटून गेली होती आणि ते त्यांना बरोबर माहीत होतं.

शेवटी दुरुस्ती स्वतःच केली. तड्यात पातळ इपॉक्सी मुरवला, वरून रबराच्या पट्टीने आवळून रात्रभर ठेवलं. लगच्या मागे बेडिंगचा (ॲक्शन लाकडात घट्ट बसवायचा) इपॉक्सी भरला. ब्राउनेल्स कंपनीचं अ‍ॅक्राग्लास जेल वापरलं, समप्रमाणात मिसळायचं असतं, मोजायला सोपं. धातूवर रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा थर) दोनदा लावा, कोपऱ्यात, आट्यांत, सगळीकडे. नाहीतर रायफल आणि स्टॉक जन्माचे एक होतात. लगच्या पुढच्या बाजूला, दोन्ही कडांना आणि तळाला चिकटपट्टी लावली, म्हणजे इपॉक्सी फक्त मागून टेकतो. टँगमागे आता बारीक फट आहे. दोन्ही स्क्रूंभोवती धातूचे पिलर, म्हणजे तीच नळकांडी, बसवले. नळी आणि लाकूड यांच्यात पुढच्या टोकापासून डॉलरची नोट घालून मागे ओढली तर रिसीव्हरपर्यंत अडत नाही.

याच वेळी धातूला पुन्हा निळा रंग द्यायला गावातल्या म्हाताऱ्या गनस्मिथकडे (बंदुकीच्या कारागिराकडे) दिलं, आणि या सगळ्या प्रकरणात सुखद धक्का बसला तो तिथे. मी सगळे भाग एका डब्यात नेले होते. त्याने न विचारता ट्रिगर गार्ड उचलला, नखाने खरवडला आणि माझ्या हातात परत दिला. या मॉडेलचा गार्ड ॲल्युमिनियमचा आहे. गरम ब्लूइंगच्या टाकीत दाहक क्षार असतात, ॲल्युमिनियम त्यात अक्षरशः विरघळतं. दुसरा कोणी असता तर टाकीतून नुसते स्क्रू काढून दिले असते. शिवाय जाताना खाचांबद्दलचं माझं रडगाणं ऐकून त्याने ड्रॉवरमधून मोठ्या डोक्याचे, खाच न पाडलेले दोन स्क्रू दिले, माउझरच्याच आट्यांचे, पाव इंच जाडीचे, इंचाला बावीस आटे. घट्ट बसवायचे, नळीच्या रेषेत खूण करायची, मग खाच कापायची. चहापाण्याइतके पैसे घेतले.

पिलर असल्यामुळे आता ते स्क्रू धातूवर टेकून थांबतात. ऑगस्टच्या घामट हवेतही खाचा जिथे होत्या तिथेच आहेत, दोन्ही एका रेषेत, नळीला समांतर. गटही जागेवर आला. गेम कमिशनच्या (राज्याच्या शिकार खात्याच्या) रेंजवर, शंभर यार्डांवर, सरप्लस नव्हे तर साध्या दुकानातल्या काडतुसांनी गोळ्या आता एका लाडवाखाली झाकल्या जातात. तडा पुढे सरकलेला नाही. टोकाला पेन्सिलची रेघ मारून ठेवली आहे आणि प्रत्येक वेळी साफ करताना बघतो.

तर घ्यावा का? लाकूड म्हणून, हो. ज्याच्याकडे पटाशी आणि सबुरी आहे आणि जो बेडिंग, पिलरचे वेगळे सत्तर-ऐंशी डॉलर आधीच हिशेबात धरेल त्याने घ्यावा. ‘बसवा आणि रेंजवर जा’ या भरवशावर अजिबात घेऊ नका, आणि पहिली गोळी झाडायच्या आधी लगला काळं लावून खांदा तपासा. स्टार द्यायचेच तर लाकडाला चार आणि कोरीवकामाला एक. सेवेला शून्य द्यायची सोय नाही.

गेल्या आठवड्यात विक्रेत्याने प्रकरण बंद करताना ‘सद्भावना म्हणून’ ४० डॉलरचं स्टोअर क्रेडिट दिलं. ते फक्त स्टॉकवर चालतं, आणि त्यांचं शिपिंग ३८ डॉलर आहे.