वकिली ऑफिसची नवी वेबसाइट, नवा लोगो, नवं लेटरहेड : काही महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्याच्या नौपाड्यातलं आमचं ऑफिस छोटं आहे. आमचे सर, आम्ही काही ज्युनियर आणि एक क्लार्क. काम मुख्यतः सोसायट्यांचं: मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरनं जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर केली नाही तर ती सरकारी अधिकाऱ्याकडून करून घेणं), पुनर्विकासाचे करारनामे, सभासदांचे आपसातले वाद, थोडं महारेरा, म्हणजे बिल्डरांवरच्या नियामक प्राधिकरणापुढचं काम. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही लोगो, लेटरहेड, दारावरची पाटी आणि वेबसाइट असं सगळंच नव्यानं करून घेतलं. दिसण्याचं काम डोंबिवलीच्या एका डिझायनरनं केलं, साइटची बांधणी दुसऱ्याकडे होती. आता दिवाळीही उलटली. कोर्टात भेटणारे बरेच वकील मित्र विचारतात, म्हणून जे चाललं आणि जे चाललं नाही ते सविस्तर लिहिते आहे.

आधी नियमाचं बोलू, कारण तिथेच निम्मी कामं फसतात. वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीनं वेबसाइटला परवानगी मिळाली, तीही मोजक्या माहितीपुरती: नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा (वकिलीच्या परवान्याचा) क्रमांक आणि तारीख, कोणत्या राज्याची बार कौन्सिल, शिक्षण, कामाची क्षेत्रं. पाटीवर अमुक विषयातले तज्ज्ञ असंही लिहिता येत नाही. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ऑनलाइन पोर्टलवरून काम मिळवण्याच्या प्रकाराबद्दल कडक निकाल दिला आणि त्यानंतर बार कौन्सिलनंही राज्यांना कारवाईचं कळवलं. असं असताना आमच्याकडे आलेल्या एका एजन्सीच्या प्रस्तावात ‘ठाण्यातील अग्रगण्य’ हे शब्द होते, खूश अशिलांचे अभिप्राय होते आणि गुगलवर पैसे देऊन वर येण्याचं पॅकेजही होतं. सरांनी तो कागद तिथेच परत केला. जिला काम दिलं, तिनं किंमत सांगण्याआधी नियमाची प्रत मागून घेतली आणि वाचून प्रश्न विचारले. माझ्या मते डिझायनर निवडायची कसोटी हीच.

लोगोवर मी फार लिहिणार नाही. तराजू, खांब आणि हातोडा पहिल्याच बैठकीत बाद झाले. आपल्या कोर्टात न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत, मग तो आपल्या कागदावर कशाला? अशोकस्तंभाचा तर प्रश्नच नव्हता, २००५ च्या कायद्यानं राजमुद्रेच्या गैरवापराला बंदी आहे. शेवटी नावाचीच देवनागरी अक्षरं नीट बसवून घेतली, गडद निळ्या रंगात. शांत दिसतं आणि मला आवडतं.

लेटरहेडनं मात्र मला खूप शिकवलं. पहिला नमुना सुंदर होता: डाव्या कडेला निळी पट्टी, तिच्यात उभा पत्ता आणि फोन, खाली करड्या रंगात ईमेल. पण वकिलाची नोटीस पाकिटातून निघाली की संपत नाही. ती पुढे दाव्याला जोडली जाते, तिची झेरॉक्स निघते, त्या झेरॉक्सची झेरॉक्स निघते, आणि डावीकडे भोकं पाडून ती फाइलला शिवली जाते. मी डिझायनरला कोर्ट नाक्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेले. नमुन्याची प्रत काढली, त्या प्रतीची प्रत काढली, असं करत गेलो. करडा ईमेल लवकरच दिसेनासा झाला. निळी पट्टी काळी पडली आणि तिच्यातला पांढरा फोन नंबर बुजला. मग दोरा घालून पाहिला, तर पत्त्याची अर्धी ओळ शिलाईखाली गेली. ती काही न बोलता प्रत्येक प्रतीचा फोटो काढत होती. पुढच्या नमुन्यात पट्टी गेली, डावा समास रुंद झाला, पत्ता वर उजवीकडे आला आणि सगळा मजकूर निव्वळ काळा झाला. आज आमची नोटीस समोरच्या वकिलाच्या फाइलमध्ये चौथ्या प्रतीतही वाचता येते. कोणाला लेटरहेड करून घ्यायचं असेल तर एवढी एक चाचणी जरूर करा.

आता वेबसाइट. जुन्या साइटवरची मराठी पानं श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून चित्र म्हणून चिकटवलेली होती. मोबाइलवर ती बोटांनी मोठी करून वाचावी लागत आणि गुगलला त्यातलं अक्षरही सापडत नसे. नव्या साइटवर सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसेल आणि शोधता येईल अशा मजकुरात आहे. मजकुराला मुंबईच्या एक टाइपनं केलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट आहे, शीर्षकांना ‘टिरो देवनागरी मराठी’. दोन्ही मोफत मिळतात. टिरोमध्ये ‘ल’ आणि ‘श’ आपल्या शाळेच्या पुस्तकासारखे येतात. आमच्याकडे येणारे बहुतेक कमिटी मेंबर साठीच्या पुढचे आहेत, त्यांना ओळखीच्या वळणाचं मोठं अक्षर लागतं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

पण साइटचा खरा उपयोग मला दिसला तो कागदपत्रांच्या पानांमुळे. मानीव अभिहस्तांतरणासाठी कोणी फोन केला की पूर्वी क्लार्क तीच यादी तोंडी सांगत असे: सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, सभासदांचे करारनामे आणि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, ओसी), सभेचा ठराव. समोरचा माणूस लिहून घेताना दोन गोष्टी गाळायचा आणि पहिली भेट कागद शोधण्यात जायची. आता आमच्याकडे फोन आला की त्या पानाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. प्रत्येक कागदासमोर तो कुठून मिळतो ते एका ओळीत आहे: दुय्यम निबंधक, नगर भूमापन कार्यालय, महापालिकेचा शहर विकास विभाग. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी पानाची प्रिंट घेऊन आले, समोर टिकमार्क केलेले. म्हणाले, “मॅडम, भोगवटा सोडून सगळं आणलंय, आता तेवढं बोलू.” बिल्डरनं भोगवटा प्रमाणपत्र न घेतलेल्या इमारती ठाण्यात कमी नाहीत आणि चर्चेची खरी गरज तिथेच असते. पहिल्या भेटीचा वेळ आता अशा प्रश्नाला मिळतो, याचं मला मनापासून समाधान आहे.

ही पानं सरांनी स्वतः वाचली आणि प्रत्येक वाक्यातला ‘आम्ही’ काढला. माहिती द्यायची, आपल्याकडे या असं म्हणायचं नाही, ही त्यांची रेघ. वाचायला मजकूर थोडा कोरडा झाला, पण ते बरोबरच होतं.

संपर्काच्या फॉर्मवर आमच्यात बराच वाद झाला. साइट बांधणाऱ्या डेव्हलपरच्या तयार साच्यात ‘तुमचं प्रकरण थोडक्यात सांगा’ असा मोठा रकाना होता. मी तो काढायला लावला. सोसायटीच्या भांडणात दोन्ही बाजू त्याच गल्लीत राहतात, दोघंही त्याच वकिलाकडे येऊ शकतात. एका बाजूनं रात्री फॉर्ममध्ये सगळी गुपितं लिहून पाठवली आणि दुसरी बाजू आपली आधीपासूनची अशील निघाली, तर काय करायचं? एका पक्षाला सल्ला दिल्यावर त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाकडून उभं राहता येत नाही. शिवाय लोक घरगुती गोष्टी, आधारचे फोटो काहीही पाठवतात आणि ते सांभाळायची जबाबदारी आपली. आता फॉर्ममध्ये नाव, फोन, सोयीची वेळ आणि विरुद्ध पक्षाचं नाव एवढंच आहे. विरुद्ध पक्षाचं नाव पाहून क्लार्क आधी जुनं रजिस्टर तपासतो, मगच फोन जातो.

तक्रारीही आहेत. जुन्या साइटच्या माणसानं डोमेन स्वतःच्या नावावर घेऊन ठेवलं होतं आणि ते सोडवताना आम्हाला बराच मनस्ताप झाला. नव्या सर्व्हरवर जाताना डेव्हलपरनं मेलचे एमएक्स रेकॉर्ड (आलेला ईमेल कुठल्या सर्व्हरवर पोचवायचा ती नोंद) पुढे नेलेच नाहीत. साइट झकास उघडत होती आणि अशिलांचे ईमेल मात्र परत जात होते. आमच्या लक्षात आलं ते एकीनं फोन करून विचारल्यावर. मसुद्याची दुरुस्ती तिनं वेळेत पाठवली होती, आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. वकिली ऑफिसात असा एक मेल म्हणजे चुकलेली तारीख ठरू शकते. साइट हलवण्याआधी एमएक्स, तसंच ईमेल खरोखर आपल्याकडूनच गेला हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम यांची नोंद लेखी मागून घ्या, आणि डोमेन ऑफिसच्याच खात्यावर ठेवा.

साइट उघडल्याबरोबर येणाऱ्या, ही फक्त माहिती आहे, जाहिरात नाही असं मान्य करायच्या ‘मी सहमत आहे’ या चौकटीनंही सुरुवातीला त्रास दिला. ती प्रत्येक पानावर नव्यानं येत होती आणि इंग्रजीत होती. लिंक उघडणारे आजोबा घाबरून साइट बंद करत. आता ती मराठीत आहे आणि एकदाच येते. इंग्रजी पानं मात्र कोणी फारशी वाचत नाही. तिथे लावलेला पैसा मी पुन्हा लावणार नाही, मराठी मजकुरावर दुप्पट लावेन.

सध्या पुनर्विकासाचं पान तयार होतंय. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात विशेष सर्वसाधारण सभेपासून विकासक निवडीपर्यंतचा क्रम दिलेला आहे. नौपाड्यातल्या जुन्या चार मजली इमारतींत रोज कुठे ना कुठे त्यावरून वाद चालू असतो. मसुदा सरांच्या टेबलावर आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी त्याची छापील प्रत ऑफिसात ठेवायची, एवढं ठरलंय, आणि तीही काळ्या अक्षरात.