आयसीपी-ओईएस वर्षभर वापरल्यावर: स्टँडर्ड कशात बनवलंय ते आधी विचारा

सर्व्हिस इंजिनिअर परवा आमच्या आयसीपी यंत्राचा टॉर्च (ज्यात प्लाझ्मा पेटतो ती नळी) बदलायचं कोटेशन ठेवून गेला, म्हणून हे लिहायला घेतलं. टॉर्च उत्तम आहे. आमचा वाद झिंकचा आहे.

नाशिक भागात आमची माती, पाणी आणि द्राक्षाचे देठ तपासायची लहान प्रयोगशाळा आहे. एएएसवर (ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनच्या यंत्रावर) मूलद्रव्यागणिक दिवा बदलत बसायचा कंटाळा आला होता, म्हणून कर्ज काढून आयसीपी घेतलं: नमुना तप्त प्लाझ्मात उडवायचा आणि निघणाऱ्या प्रकाशावरून मूलद्रव्यं मोजायची. वेगाबद्दल तक्रार नाही, सॉफ्टवेअरही लवकर हाताला बसतं.

पण मातीच्या डीटीपीए अर्कातलं (पिकाला मिळण्याजोगं जस्त मातीतून काढायचं हे द्रावण) झिंक सतत कमी येत होतं. कंपनीने इन्स्टॉलेशनला जी मेथड बसवून दिली, तिच्यातली स्टँडर्ड, म्हणजे कॅलिब्रेशनची रेषा काढायची माहीत प्रमाणाची द्रावणं, 2 टक्के नायट्रिक आम्लात होती. डीटीपीए द्रावणात लिटरला जवळपास 15 ग्रॅम ट्रायइथेनॉलअमाइन असतं, शिवाय 0.01 मोलर कॅल्शियम क्लोराइड. नायट्रिकचं पातळ पाणी नेब्युलायझरमधून (नमुन्याचा फवारा करणाऱ्या भागातून) जसं उडतं तसं हे उडत नाही. प्लाझ्मात कमी पोचतं आणि वर कॅल्शियमचा, सेंद्रिय कार्बनचा भार टाकतं. एकच अर्क दोन्ही कॅलिब्रेशनवर लावला. नायट्रिकच्या रेषेवर 0.26 पीपीएम आलं, डीटीपीएतच बनवलेल्या स्टँडर्डच्या रेषेवर 0.32. 10 ग्रॅम मातीला 20 मिली द्रावण घेतो, म्हणजे मातीचा आकडा दुप्पट: एकीकडे 0.52, दुसरीकडे 0.64. मर्यादा आहे 0.6 ची. पहिल्या आकड्यावर शेतकऱ्याच्या अहवालात ‘जस्ताची कमतरता’ छापून येते आणि गरज नसताना तो झिंक सल्फेटची पोती आणतो. पैसे त्याचे जातात, नाव आमचं जातं.

इंजिनिअर मात्र कॅलिब्रेशनची रेषा किती सरळ ते सांगणाऱ्या आर-स्क्वेअर 0.9999 वर बोट ठेवून बसला. अहो, ते दोन्ही रेषांना 0.9999 च आहे! नमुन्याचं द्रावण वेगळं असेल तर रेषा कितीही सरळ असून काय उपयोग? अर्कात 0.5 पीपीएम झिंक घालून दाखवलं, नायट्रिकच्या रेषेवर त्यातलं 0.41 च परत मिळालं. त्यावर उत्तर आलं, टॉर्च जुना झाला असेल.

आता आम्ही स्टँडर्ड आणि ब्लँक (माती नसलेलं कोरं द्रावण) दोन्ही त्याच दिवशीच्या डीटीपीए द्रावणात बनवतो, आणि प्रत्येक बॅचमध्ये एक स्पाइक (वरच्यासारखं मोजून झिंक घातलेला नमुना) ठेवतो. शंका आली की नमुना पाचपट पातळ करून परत लावायचा. पातळ केल्यावर गुणून आकडा वाढला, तर मॅट्रिक्स, म्हणजे नमुन्यातलं बाकीचं द्रावण, आकडा दाबतंय हे कळतं.

यिट्रियमबद्दल माझं मत बदललंय. टी-जोड लावून सगळ्या नमुन्यांत तुलनेसाठी सारखंच यिट्रियम सोडायचं हे मला फुकटचा खर्च वाटायचं. पण पंपाची नळी चपटी व्हायला लागली की यिट्रियमच्या 371.029 नॅनोमीटरच्या रेषेची तीव्रता आधी घसरते, त्यावरून दुरुस्ती होते आणि दुपारचे आकडे बिघडत नाहीत. तरीही ते सगळ्यावर औषध नाही. खारट विहिरीच्या पाण्यात सोडियम भरपूर असतं, त्याने पोटॅशियमचं आयनीभवन कमी होतं आणि अक्षीय दिशेने (प्लाझ्माच्या लांबीतून) बघितलं तर पोटॅशियम फुगून दिसतं. यिट्रियमची ही रेषा आयनाची, पोटॅशियमची 766.490 अणूची, एकीवरून दुसरी दुरुस्त होत नाही. म्हणून सोडियम-पोटॅशियम आम्ही आता आडव्या बाजूनेच, म्हणजे रेडियल, बघतो.

ज्यासाठी हे मशीन मला मनापासून आवडलं ते फॉस्फरस. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारलेल्या बागेतल्या देठांवर तांबं चिकटलेलं असतं, कितीही धुवा. फॉस्फरसची 213.618 ची रेषा आणि तांब्याची 213.598 ची, अंतर अवघं 0.02 नॅनोमीटर. स्क्रीनवर शिखराच्या डाव्या अंगाला तांब्याचा खांदा उचललेला स्पष्ट दिसला, तेव्हा त्या बागांचा फॉस्फरस इतका भरघोस का यायचा ते समजलं. 178.221 वर गेलो की प्रश्न मिटतो, फक्त ऑप्टिक्समधली हवा काढायला पर्ज गॅस द्यावा लागतो.

गॅसचं मात्र जिवावर येतं. 7 घनमीटरचा आर्गॉन सिलिंडर जेमतेम सहा तास पुरतो, त्यामुळे पुरेसे नमुने साठल्याशिवाय प्लाझ्मा पेटवत नाही. घेणाऱ्याने मशीनच्या किमतीआधी आर्गॉनचा हिशेब मांडावा.

देखभाल कराराचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. डीटीपीए आणि अमोनियम ॲसिटेट अर्कांसाठी त्याच द्रावणातल्या स्टँडर्डची मेथड, स्पाइकच्या आकड्यांसकट, आमच्याकडे बसवून दाखवा, असं कंपनीला लेखी कळवलंय. ती बसल्याशिवाय सही करणार नाही, आणि टॉर्चचं कोटेशन परत पाठवलंय.