पासष्टीनंतर नाशकात: सिम, द्राक्षबाग की वर्ग?

प्रवासी विमान चालवणाऱ्याचं काम ६५व्या वाढदिवसाला थांबतं. आदल्या रात्री पावणेदोनशे माणसं तुमच्या भरवशावर मागे झोपलेली असतात आणि दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत बसायची परवानगी नसते. मी गंगापूर रोडला राहायला आलो त्याला आता तीन वर्षं होतील. निवृत्ती जवळ आलेले जुने सहकारी फोन करून "पुढं काय?" विचारतात. फिरून फिरून तीनच पर्याय निघतात आणि तिन्ही मी थोडेफार करून पाहिलेत.

सिम्युलेटरवर (कॉकपिटची नक्कल करणारं यंत्र, आमच्या बोलीत 'सिम') वैमानिकांना शिकवणं सगळ्यांना आधी सुचतं. पैसे तिन्हींत इथेच जास्त, आणि 'कॅप्टन' म्हणून हाक मारणारी माणसं सुटत नाहीत. (याला हसू नका, पहिल्या सहा महिन्यांत त्या हाकेची किंमत कळते.) अडचण वेगळीच आहे. यंत्र महागडं, त्यामुळे ते रिकामं ठेवत नाहीत. चार-चार तासांचे स्लॉट रात्रभर चालतात. रात्री दोनला ब्रीफिंग, सकाळी डोळे चोळत मुंबईहून नाशिकची वाट. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटाची कटकट गेली, पण आमण्याच्या पुढे मुंबईत शिरणं तेच जुनं. वर्षभर केलं. एकदा बायको म्हणाली, "तुम्ही निवृत्त झालात, की नुसता गणवेश उतरवलात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

द्राक्षबागेचं स्वप्न नाशकात कुणालाही पडतं. आधी कायदा बघा: महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. सातबाऱ्यावर कधी घराण्याचं नाव नसेल, तर 'दिंडोरीला दोन एकर घेऊन टाकू' हा बेत तिथेच थांबतो. आमची निफाड तालुक्यात वडिलोपार्जित जमीन आहे, चुलतभाऊ कसतो. ऑक्टोबर छाटणीनंतर चार महिने मी त्याच्याबरोबर राबलो. तिथे एक गोष्ट कळली, जी चाळीस वर्षं आकाशात असून कळली नव्हती. कॉकपिटमध्ये समोर सीबी, म्हणजे गडगडाटी वादळी ढग, दिसला, की रडारवर बघायचं, कंट्रोलला विचारायचं आणि वीस मैल बाजूने निघून जायचं. बागेत तोच ढग डोक्यावर येतो आणि आपण जागचे हलू शकत नाही. फुलोऱ्यात आला तर घडकुजीची भीती, साखर भरल्यावर आला तर मणी तडकतात, आणि डाउनीसाठी (केवडा रोग) रात्रीतून फवारणी ठरलेलीच. भाऊ शांतपणे फवारणीचा ब्लोअर जोडतो. मला झोप लागत नाही. हाताखाली चेकलिस्ट असण्याची सवय झालेल्या माणसाने बागेत पैसा घालण्याआधी एक हंगाम दुसऱ्याच्या बागेत काढावा.

तिसरा पर्याय दिसायला किरकोळ आहे: वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांना डीजीसीएचे (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) पेपर शिकवणं. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम. पास व्हायला ७० टक्के लागतात. पुढे कमर्शियल लायसनसाठी किमान २०० तास उडावं लागतं, त्याला मुलं धुळे, शिरपूर, बारामतीला जातात. माझ्याकडे आठवड्यातून तीन संध्याकाळी चार मुलं येतात. फीमधून पेट्रोल सुटतं, फार तर. पण उद्याचं वेळापत्रक मी ठरवतो, आणि रात्री दहाला झोपून सहाला उठणं मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी जमायला लागलं.

म्हणून माझं मत सरळ आहे. घरकर्ज किंवा मुलांचं शिक्षण शिल्लक असेल तर सिम घ्या, पण मुंबईतलं घर विकू नका. कर्ज नसेल तर वर्ग. बाग सातबारा आणि कसणारा माणूस, दोन्ही असतील तरच. काहीही निवडा, एक तारीख मात्र स्वतः कॅलेंडरवर टाका. साठीनंतर दर सहा महिन्यांनी मेडिकल व्हायचं, ते आता कुणी मागत नाही. माझं बीपी वाढल्याचं मला दीड वर्षाने कळलं.

आणि घर बघताना एक. विमान पूर्ण विसरायचं असेल तर उपनगर-गांधीनगरकडे घेऊ नका, तिथे आर्मीची शिकाऊ हेलिकॉप्टरं दिवसभर घिरट्या घालतात. ओझरकडे घ्याल तर सुखोई आहेतच.