एसपीसी दाखवलं, लॅमिनेट बसवलं : बाथरूमच्या ‘उबदार’ फ्लोअरिंगचे १५,६३५ रुपये

पाच बाय सातच्या बाथरूमसाठी १५,६३५ रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, लाज त्याचीच जास्त वाटते.

नाशिकच्या थंडीत पहाटे टाईलवर पाय ठेववत नाही आणि घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस आहे. म्हणून ‘पायाला गार न लागणारं, शंभर टक्के वॉटरप्रूफ’ फ्लोअरिंग शोधलं. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. दाखवायचा माल एक, गोडाऊनमधून येणारा दुसरा. १०,००० आगाऊ, तेही दुकानाच्या नव्हे तर मालकाच्या खासगी खात्यावर. उरलेले ५,६३५ रोख. ‘जीएसटी वाचवून देतो’ म्हणत बिलाऐवजी कच्ची चिठ्ठी. तिच्यावर फळ्या ४७ चौरस फूट, १८० च्या भावाने ८,४६० (खोली ३५ फुटांची, पण बॉक्स फोडून मिळत नाही), खालचा फोम ८७५, वॉटरप्रूफिंग ४,२००, मजुरी १,४००, सिलिकॉन ७००. मालाचं नाव काय लिहिलं होतं? ‘फ्लोअरिंग’. बस्स.

दुकानातला तुकडा ५ एमएमचा होता, करडा, दगडासारखा जड. ते खरं एसपीसी, म्हणजे चुनखडीची पूड आणि पीव्हीसी. घरी आलेली फळी ८ एमएमची निघाली. विचारलं तर फिटर म्हणाला, “पाचाच्या जागी आठ मिळालं साहेब, त्याच भावात. फायदा तुमचाच.” आणि आम्ही खूश! जाडी वाढली आणि वजन कमी झालं, हे हातात धरून कळत होतं. ५ एमएमचं एसपीसी चौरस मीटरला साधारण १० किलो भरतं, ८ एमएमचं लॅमिनेट, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची फळी, ७ च्या आसपास. कापलेल्या कडेला हिरवट भुसा दिसत होता. “ग्रीन कोअर आहे, पाणी पीत नाही.” तो हिरवा फक्त रंग असतो, आत दाबलेला लाकडाचा भुसाच. त्याहून वाईट म्हणजे बॉक्सवर ठळक ‘एसी ४’ छापलेलं होतं. हा झीज सोसण्याचा दर्जा लॅमिनेटचा असतो. विनाइल आणि एसपीसीवर वरच्या थराची जाडी लिहितात, ०.३ किंवा ०.५ एमएम. तो बॉक्स आम्हीच उचलून आत ठेवला. वाचला नाही. पण दुकानात तुकडा हाताळून, नखाने खरवडून पाहिला होता हो. गिऱ्हाइकाने आणखी काय करायचं?

करायचं ते असं. बॉक्स उघडल्याबरोबर एका फळीचा तुकडा कापून रात्रभर बादलीत टाका. एसपीसी बुडतं आणि दुसऱ्या दिवशी जाडी मोजायच्या कॅलिपरला तेवढंच भरतं. लॅमिनेटची कड फुगते. फिटर ‘आजच बसवून जातो’ म्हणाला तर त्याला जाऊ द्या.

अकराव्या दिवशी सांधे वर आले, विसाव्या दिवशी दार खाली घासायला लागलं. उखडलं तेव्हा फोम पिळून पाणी निघत होतं. आणि ते ४,२०० चं वॉटरप्रूफिंग? जुन्या टाईलवर ब्रशचा एक हात. कोपऱ्यांत गोलाई नाही, भिंतीवर फूटभर वर चढवलेलं नाही, न्हाणी ट्रॅपच्या (पाणी बाहेर नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याच्या) गळ्याशी काहीच नाही, पाणी तुंबवून तपासणी नाही. २४ तास पाणी भरून ठेवून खालच्या मजल्याचं छत कोरडं दिसल्याशिवाय त्या कामाचा एक रुपया देऊ नका.

मुळात खरं एसपीसी आलं असतं तरी ते इथे चुकीचंच होतं, आणि दुकानदाराला हे माहीत होतं. फळी पाणी पीत नाही, पण क्लिकच्या (फळ्या एकमेकींत अडकवलेल्या) सांध्यांतून आणि भिंतीच्या कडेने पाणी खाली जातं आणि तिथेच कुजतं. आपल्याकडे बादलीने अंघोळ, मोरीकडे उतार. उतार जिथे वळतो तिथे कडक फळी बसतच नाही, टोकं उचलली जातात. हे सामान ओला आणि कोरडा भाग वेगळा असलेल्या बाथरूमच्या कोरड्या भागाचं. शिवाय ‘उबदार’ म्हणजे टाईलपेक्षा कमी गार, एवढंच.

तक्रारीचं विचारू नका. पोलीस चौकीत ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा’. ग्राहकांसाठीच्या एका कार्यालयात ‘पक्कं बिल आणा’. बिल दिलंच नाही, हीच तर तक्रार! कर विभागाच्या खिडकीवर ‘तुम्हीही बिल न घेता पैसे दिलेत ना?’ दिले. चूक. पण त्याने माल बदलला त्याचं काय, यावर तिन्ही ठिकाणी मान डुलली आणि पुढच्या माणसाला हाक गेली. तीन सकाळी, तीन रजा. दुकानदाराचं पालुपद एकच : “पाणी जास्त वापरलंत.” बाथरूममध्ये!

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आपण राहतो तिथल्या आयोगात दावा टाकता येतो आणि मुदत दोन वर्षांची असते. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरचा भाव, बॉक्सच्या लेबलचे फोटो जोडा. एक फळी तशीच ठेवा. आम्ही दुसऱ्या बॉक्समधली ठेवली आहे.

आता पुन्हा टाईलच. १ फूट बाय १ फूट, अँटिस्किड, पाणी शोषण ०.५ टक्क्यांच्या आत. लहान लादीला उतार नीट देता येतो. उबच हवी असेल तर टाईलखाली विजेची हीटिंग मॅट, चौरस मीटरला १५० वॅटची, थर्मोस्टॅट बाथरूमच्या बाहेर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावूनच. किंवा एकसंध विनाइल शीट, सांधे गरम वेल्ड केलेले, कड भिंतीवर चार इंच वळवलेली. जुनं उखडण्यासकट आम्हाला टाईलचा खर्च २१,४०० आला. तो १५,६३५ शिवाय वेगळा.